मास्तरांचं बदललेलं मत

दिगंबर मास्तर बोलायला उभे राहिले की सभेतला माणूस पान खायलासुद्धा उठत नसे. आवाज खणखणीत, शब्द नेमके, आणि राग तर नाकावर ठेवलेलाच. बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत ते मराठी शिकवायचे. चोपन्न सालच्या हिवाळ्यात मात्र वर्गात, घरात, रस्त्यात त्यांच्या तोंडी एकच विषय होता. भाषेप्रमाणे नवे प्रांत व्हायचे होते, त्यासाठी आयोग नेमला होता, आणि तापीकाठचं हे गाव महाराष्ट्रात जायलाच हवं, असं मास्तरांचं म्हणणं होतं.

"रावेर आपलं, आणि दोन-तीन स्टेशनं अलीकडे आलो की आपण परके? हा कुठला न्याय?" असं त्यांनी विचारलं की टाळ्या पडायच्या.

त्यांचा बालमित्र प्रभाकर वकील या मागणीसाठी काढलेल्या समितीचा अध्यक्ष होता आणि मास्तर चिटणीस. वकिलाने कागद लिहायचे आणि मास्तरांनी माणसं पेटवायची, अशी वाटणी होती. मास्तरांना विरोध खपायचा नाही. शालिग्राम म्हणून रुईचा, म्हणजे कापसाचा, एक व्यापारी होता, तोही लहानपणी शाळेत यांच्याच वर्गात होता. तो एका सभेत उभा राहून म्हणाला होता, "आपली रुई खांडवा-इंदूरला जाते, कोर्ट-कचेरी तिकडे, अर्धा गाव हिंदी बोलतो. आहे ते काय वाईट आहे?" मास्तरांनी भर सभेत त्याला घरभेदी म्हटलं. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला ते गेले नाहीत. निर्मलाबाई, म्हणजे मास्तरांची बायको, एकटीच आहेर घेऊन जाऊन आली.

पंचावन्नच्या जानेवारीत शाहपूरची सभा आटोपून मास्तर दुपारी सायकलवर परत येत होते. समोरून केळीच्या घडांची गाडी येत होती. बैल कशाला तरी बुजला, गाडी आडवी झाली, आणि मास्तर सायकलसकट रस्त्याकडेच्या मोरीवर आदळले. दगड कपाळाला लागला. त्याच गाडीवानाने घड उतरवून ठेवले आणि त्यांना गाडीत घालून गावात आणलं.

तीन दिवस शुद्ध नव्हती. प्रभाकर तीनही दिवस कोर्टात गेला नाही, खाटेपाशी बसून राहिला. मग नागपूरच्या मोठ्या इस्पितळात दीड महिना गेला. होळीच्या सुमारास मास्तर घरी आले तेव्हा कपाळावर बोटभर खूण होती आणि अंगावरचे कपडे झुलत होते. पण चालणं-बोलणं जागच्या जागी होतं, व्याकरणाचे नियम पाठ होते, मुलांची नावं आठवत होती. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

काय बिघडलंय ते पहिल्यांदा त्यांचं त्यांनाच कळलं. वास गेला होता. निर्मलाबाईंनी फोडणी टाकली की छातीत ठसका बसायचा, पण नाकाला काही कळायचं नाही. जेवण म्हणजे गरम आणि मऊ असं काहीतरी झालं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसरं असं की ते दचकायला लागले. दार वाजलं, भांडं पडलं, मुलांनी गलका केला, की छातीत धस्स व्हायचं. नवी वाट नको वाटायची. निर्मलाबाईंनी एकदा खाट या भिंतीची त्या भिंतीला लावली, तर मास्तर रडकुंडीला आले.

"अहो, वारा येतो इकडे," ती म्हणाली.

"असू दे. होती तिथे ठेव."

तिने मुकाट्याने खाट परत ओढली. पूर्वीचा नवरा आठवड्यातून चार संध्याकाळी बाहेर असायचा आणि खाट कुठे आहे हे त्याच्या गावीही नसायचं.

उन्हाळ्यात प्रभाकरने समितीचं जुनं निवेदन वाचायला आणून दिलं. ते मास्तरांनी स्वतः सांगितलेलं आणि प्रभाकरने उतरवून घेतलेलं होतं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. अक्षरं ओळखीची होती, युक्तिवाद ओळखीचे होते, पण पूर्वी त्या ओळींवरून डोळे फिरले की अंगात जे शिरायचं ते आता शिरलं नाही. उलट त्यांच्या मनात भलतेच विचार येऊ लागले. विणकरांच्या मोहल्ल्यात उर्दू बोलणारे मोमीन आणि मराठी साळी एकाच आळीत माग चालवतात, उद्या पाट्या बदलल्या की त्यांच्यात काय होईल? खांडव्याच्या कचेरीतले जमिनीचे कागद कुणीकडे जातील? पेन्शनीतल्या म्हाताऱ्यांनी कुणाच्या दारात उभं राहायचं? एकेक प्रश्न खरा होता. शालिग्रामने हेच विचारले होते, आणि मास्तरांनी ते कधी ऐकूनच घेतले नव्हते.

पावसाळा संपला, आयोगाचा अहवाल आला, आणि बुऱ्हाणपूर होतं तिथेच राहणार असं कळलं. समिती खवळली. प्रभाकरच्या ओट्यावर बैठक भरली. निषेधाचा ठराव लिहून तयार होता, पहिली सही अध्यक्षाची, दुसरी चिटणिसाची. कागद मास्तरांपुढे आला.

मास्तर म्हणाले, "मी सही करणार नाही."

कागदात काही चुकलं का म्हणून प्रभाकरने तो उचलून पाहिला.

"माझं मत बदललंय," ते म्हणाले. त्यांनी आपली कारणं एकेक करून मांडली. मोहल्ल्याची, कचेरीची, पेन्शनीची. पाच-सात मिनिटं ते बोलले. बोलता बोलता त्यांनी पाहिलं, कुणी चिडत नव्हतं. कुणी मध्ये तोडत नव्हतं. पोस्टात काम करणारा अरविंद तर त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत होता, जशी माणसं आजारी गुराकडे पाहतात.

प्रभाकर उठला, त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "दिगंबर, तू दमलायस. चल, तुला घरी सोडतो."

"मी दमलो नाही. मी काय म्हटलं त्यातलं चूक काय ते सांग."

"सगळं बरोबर आहे तुझं. चल."

वाटेत मास्तर म्हणाले, "शालिग्राम हेच बोलला तेव्हा आपण त्याच्या अंगावर धावून गेलो होतो, प्रभाकर."

"त्याची गोष्ट वेगळी. तो धडधाकट आहे."

घराच्या पायरीपाशी वकिलाने निर्मलाबाईंना बाजूला घेतलं. हलक्या आवाजात बोलला, पण मास्तरांचे कान शाबूत होते. "वहिनी, त्याच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. डोक्याचा मार आहे, हळूहळू येईल ठिकाणावर."

त्यानंतर गावात मास्तरांचा कुणी अपमान केला नाही. तेच त्यांना सहन होईना. समितीची माणसं रस्त्यात भेटली की तब्येत विचारत, हवापाण्याचं बोलत, आणि प्रांताचा विषय निघाला की लहान मुलासमोर गप्प बसावं तशी गप्प बसत. चिटणिसाचं काम अरविंदकडे गेलं. मास्तरांना कुणी काढलं नव्हतं, फक्त बोलावणं यायचं थांबलं. संध्याकाळी ते ओसरीवर बसून राहायचे. पलीकडच्या गल्लीतून सभेचा गलका यायचा, त्यात कुणाचा आवाज कुणाचा हे त्यांना ओळखू यायचं.

शेवटी एके दिवशी ते शालिग्रामच्या पेढीवर गेले. गादीवर तो एकटाच होता. मास्तरांना बघून उठून उभा राहिला.

"आओ मास्तर! आज रस्ता चुकलास काय?"

"शालिग्राम, मी तुझी माफी मागायला आलोय. लग्नाला आलो नाही, त्याची. आणि सभेत बोललो, त्याची. तुझं म्हणणं बरोबर होतं."

शालिग्रामचे डोळे भरून आले. त्याने चहा मागवला, मुलीला मुलगा झाल्याचं सांगितलं, शाळेतल्या जुन्या गोष्टी निघाल्या. किती महिन्यांत मास्तर एवढं बोलले नव्हते. उठताना ते म्हणाले, "तुम्हा लोकांचं शिष्टमंडळ राजधानीत, नागपूरला, जातंय म्हणे. मी येतो बरोबर. तिकडे बोलतो."

शालिग्राम घुटमळला. कानामागे खाजवत म्हणाला, "दिगंबर, तू मला भावासारखा. बुरा मत मान. पण तू आमच्याकडून बोललास तर ते लोक काय म्हणतील? म्हणतील, बघा, डोक्याला मार लागल्याशिवाय यांच्या बाजूला कुणी जात नाही. आमची फजिती होईल रे."

मास्तर हसले. हसण्यासारखंच होतं ते. मग जोडे घालताना त्यांना वादी सापडेना, खूप वेळ लागला.

"घरी येत जा मात्र," शालिग्राम मागून म्हणाला. "दुसऱ्या गोष्टी बोलू."

दिवाळीनंतर डोकं दाखवायला नागपूरला जायचं होतं. मास्तर एकटेच निघाले. भुसावळला गाडी बदलताना गर्दीपायी अर्धा तास ते बाकाला धरून बसले, तरी गेले. डॉक्टर पन्नाशीचे होते, कमी बोलणारे. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली, लवंग नाकापाशी धरली.

"येतो वास?"

"नाही."

"कपाळामागचा भाग दुखावला होता. वास बहुतेक परत यायचा नाही. दचकणं, नव्याची भीती, ही त्यातलीच असेल."

"डॉक्टरसाहेब, एक विचारू?" मास्तरांनी इतके दिवस जपून ठेवलेला प्रश्न बाहेर काढला. "माझं प्रांताबद्दलचं मत बदललंय. आधी मला सगळं उलथून टाकावंसं वाटायचं, आता आहे ते राहावंसं वाटतं. कारणं आहेत माझ्याकडे, खरी कारणं आहेत. पण लोक म्हणतात, हे तुमचं मत नाही, तुमच्या जखमेचं आहे. तुम्हाला काय वाटतं?"

डॉक्टरांनी हातोडी खाली ठेवली.

"मास्तर, मला एक भाऊ आहे. लहानपणी तो बघताबघता झाडावर असायचा, आणि मी खाली उभा राहून फांदी मजबूत आहे की नाही ते बघत बसायचो. आज तो मोर्चात असतो आणि मी सरकारी नोकरीत. एकाच आईची मुलं, एकाच ताटातलं जेवलो. दोघांच्याही डोक्याला कधी मार लागला नाही. मला कधीकधी वाटतं, आमच्या दोघांचे मेंदूच मुळात वेगळे घडले असतील. एकाला नवं दिसलं की हुरूप येतो, एकाला धास्ती. आणि मतं त्यावर मागाहून चढत असतील. पण हे माझं वाटणं झालं. पुरावा विचाराल तर नाही."

"म्हणजे प्रभाकरचं मतही त्याच्या मेंदूचंच?"

"दुसरं कशाचं असणार?"

"मग त्याला कुणी तसं म्हणत नाही."

"कारण त्याच्या कपाळावर खूण नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमची कारणं लोकांना तपासू द्या. चूक असतील तर चूक, बरोबर असतील तर बरोबर. ती कुठून आली याला महत्त्व नाही."

"ते कारणांपर्यंत येतच नाहीत हो," मास्तर म्हणाले. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

परतीच्या गाडीत मास्तर तोच विचार करत होते. आपण खरोखर विचार करून इथे पोचलो, की आधी भ्यालो आणि मग भीतीला शोभतील अशी कारणं जमवली? त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, आणि उत्तर आलं नाही. मग वाटलं, पूर्वीचं तरी काय होतं? तेव्हाही आधी अंगात वारं भरायचं आणि कारणं मागून धावत यायची. तो जुना दिगंबरही कुणा दुसऱ्यानेच चालवलेला असावा, असं वाटून त्यांना गाडीच्या डब्यात फार एकटं वाटलं. स्वतःच्या सोबतीचाही भरवसा राहिला नव्हता.

छप्पनच्या पावसाळ्यात दिल्लीत कायदा झाला. वर्तमानपत्र शाळेतून घरी आणलं तेव्हा निर्मलाबाई मेथी निवडत होती. मास्तरांनी बातमी वाचून दाखवली आणि म्हणाले, "झालं ते बरं झालं."

तिने मेथीची जुडी परातीत आपटली.

"काय बरं झालं? माझं माहेर रावेर. उद्याही मी आईला भेटायला जायचं तर दुसऱ्या राज्यात जातेय म्हणायचं? ह्या गावात मराठी कोण शिकणार पुढे? तुम्हीच रोज सांगायचात ना हे सगळं? तुमचं ऐकून मी पटवून घेतलं, आणि तुम्ही आता पाठ फिरवता?"

"निर्मला, माझं डोकं..."

"डोक्याचं मला सांगू नका! दीड वर्ष ऐकतेय मी डोकं, डोकं. तुमचं डोकं चांगलं आहे. तुमचं मत चूक आहे. मार लागला म्हणून नाही, चूक आहे म्हणून चूक आहे!"

इतक्या दिवसांत मास्तरांशी कुणी असं बोललं नव्हतं. मग ते खाली तिच्यासमोर बसले आणि भांडायला लागले. मोमीनांचं सांगितलं, तिने साळ्यांचं सांगितलं. त्यांनी कचेरीचं सांगितलं, तिने शाळेचं सांगितलं. "एका भाषेचा वर्ग कुणी कशाला बंद करेल?" ते म्हणाले. "बंद करणार नाहीत, नुसता वाळू देतील," ती म्हणाली. आवाज इतके चढले की शेजारची गोदाबाई दारात येऊन उभी राहिली आणि आल्या पावली परत गेली. गलका सोसत नसूनही मास्तर उठले नाहीत. शेवटी ती रडली. तिची समजूत कशी काढावी हे त्यांना कळेना, कारण समजूत काढायची म्हणजे मत सोडायचं होतं.

त्यानंतर आठवडाभर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली. मास्तरांना ते दुखलं. पण ओट्यावरच्या लोकांच्या गोड बोलण्यापेक्षा तो अबोला त्यांना बरा वाटला.

एक नोव्हेंबरला नवं राज्य झालं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, राजधानी भोपाळ झाली, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. मास्तरांना जे हवं होतं ते झालं होतं. सकाळी ते राजघाटावर जाऊन बसले. तापीला अजून पावसाळ्याचं पाणी होतं. शालिग्रामच्या मंडळींनी बाजारात पेढे वाटले, ते मास्तरांच्या घरी आले नाहीत. प्रभाकरच्या ओट्यावर माणसं सुतकातल्यासारखी बसली होती, तिथेही त्यांना जाता येत नव्हतं. दोन्हीकडे आपण खोटे दिसू, असं त्यांना वाटलं. ऊन चढेपर्यंत ते पायऱ्यांवर बसून राहिले, आणि मग शाळेची वेळ झाली म्हणून उठले.

पुढच्या मार्चमध्ये प्रभाकरने बिऱ्हाड जळगावला हलवलं. तिकडे वकिली करणार होता. मास्तर त्याला पोचवायला स्टेशनवर गेले. सामान चढलं, घरची माणसं बसली, दोघं फलाटावर उभे राहिले.

"प्रभाकर, जाण्याआधी एकदा माझ्याशी भांड," मास्तर म्हणाले.

"कशाला रे आता भांडायचं? झालं गेलं संपलं. तब्येतीला जप." त्याने मास्तरांना घट्ट मिठी मारली. मिठी खरी होती. गाडी गेली आणि मास्तर हमालांच्या गलक्यात कान झाकून उभे राहिले.

जूनमध्ये शाळा उघडली. मुख्याध्यापक शुक्लाजी सरळ माणूस होता. त्याने मास्तरांना खोलीत बोलावलं. मराठीच्या सहावीत अकराच मुलं आली होती, बाकीच्यांच्या घरच्यांनी हिंदीत नावं घातली होती. पंधरा नसतील तर वर्ग हिंदीत मिसळायचा होता.

"आपको तो तकलीफ नहीं होनी चाहिए मास्तरजी," शुक्लाजी म्हणाला. "आप तो इसी प्रदेश के पक्ष में थे."

मास्तर म्हणाले, "मी जे आहे ते मोडू नये म्हणत होतो. हा वर्गही आहे. मला पंधरा दिवस द्या."

निर्मला बरोबर बोलली होती, हे त्यांनी घरी जाऊन तिला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी दोन भाकऱ्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून देऊ लागली.

सायकलवर बसायचा आता धीर होत नव्हता म्हणून मास्तर पायी हिंडले. साळ्यांच्या आळीत दोन मुलं मिळाली, तेरा झाली. बाकी बऱ्याच दारांत त्यांना पाणी मिळालं आणि गोड नकार मिळाला. एकाने तर म्हटलंच, "मास्तर, तेव्हा तिकडून बोललात, आता इकडून? आराम करा जरा." मास्तरांनी त्याला नमस्कार केला आणि पुढच्या दारी गेले. तेराव्या दिवशी ते गाडीने चांदनी स्टेशनावर उतरले. तिथे उखर्डू म्हणून एक केळीवाला शेतकरी होता, मास्तरांची भाषणं ऐकायला पूर्वी बैलगाडीने यायचा. त्याला दोन मुली होत्या, बुऱ्हाणपुरात मामाकडे राहून शिकण्याजोग्या. एकीची यत्ता पाचवी नुकतीच झाली होती, दुसरी पाचवी करून वर्षभर घरीच होती.

उखर्डूने ओट्यावर घोंगडी टाकली. मास्तरांनी वर्गाचं सांगितलं. वर्ग राहिला तर काय, बंद झाला तर काय. त्याने सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली, आणि त्यांच्या कपाळाकडे सरळ बघत विचारलं,

"मास्तर, रागावू नका. पन डोकं बरं हाये का आता तुमचं?"

"ते मला सांगता येत नाही, उखर्डू. पण पोरी पाठव."

उखर्डूने आत वळून बायकोला हाक मारली. दोघांचं हळू आवाजात बोलणं चाललं, बराच वेळ चाललं. मग तो बाहेर आला आणि म्हणाला, "सोमवारी घेऊन येतो दोघींना."

परतीच्या गाडीला दोन तास होते. स्टेशनावर दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांनी फडक्यातली उरलेली भाकरी काढली, चटणीला लावून चव येते का पाहिलं, आणि सावकाश जेवले.